पंपाला बांधलेली ब्रह्मगाठ

काशीक्षेत्री, दूधविनायकाच्या गल्लीतून, समस्त मराठी जनांस अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की आमच्या घरचा मिक्सर गेल्या मंगळवारी सकाळी, ओल्या नारळाची चटणी अर्ध्यात टाकून, निवर्तला. मृत्युसमयी त्याचं वय अकरा वर्षं होतं. त्याच्यामागे एक पाटा, एक वरवंटा आणि एक संतप्त पत्नी (माझी) असा परिवार आहे.

चौकशी समिती तिथेच ओट्यापाशी बसली. बायको म्हणाली, "काल तुम्ही त्यात हळकुंडं घातलीत." मी म्हणालो, "व्होल्टेज." मुलगी, जी घरात मराठी ऐकते आणि हिंदीत उत्तर देते, टोस्टवरून मान न उचलता म्हणाली, "पापा, आप मान क्यों नहीं लेते?" तीन मिनिटांत गुन्हेगार ठरला, शिक्षाही ठरली. चटणी पाट्यावर मी वाटायची. वाटायला बसलो, आणि वरवंट्याच्या तिसऱ्या फेऱ्याला कानाशी कुणीतरी अगदी शांतपणे म्हणालं, "बरं. आणि त्याच्या आधी?"

हा आवाज आठल्येकाकांचा.

यशवंत आठल्ये, राहणार मंगला गौरी. गंगेपलीकडे एक काचेच्या बाटल्यांचा कारखाना आहे, त्याचं नाव सांगून मी नोकरी घालवणार नाही. तिथे काका इंजिनिअर होते. बाकीचे इंजिनिअर वस्तू चालवायचे. काका बंद पडलेल्या वस्तूंचे. काही तुटलं, जळलं, अडकलं, की ते का झालं हे मुळापर्यंत जाऊन शोधायचं, म्हणजे पुन्हा होणार नाही. त्यांच्या खोलीवर इंग्रजी पाटी होती, पण कामगार त्या खोलीला ‘मुर्दाघर’ म्हणत. मुर्दाघरात माणसं दोन, एक काका आणि दुसरा मी. आम्ही दोघंही बनारसचे मराठी. त्यांची पाचवी पिढी, आमची सहावी. त्यामुळे मैदागिनहून कारखान्याची बस पकडताना मी ज्येष्ठ नागरिकासारखा वागायचो, आणि काका मला ‘गजा’ म्हणून जमिनीवर आणायचे.

काका अंगानं बारीक, पँट थोडी जास्तच वर. शर्टाच्या खिशातलं भिंग दोरीनं गुंडीला बांधलेलं, कारण ‘भिंग हरवलं तर शोधायला दुसरं भिंग लागतं.’ त्यांच्या टेबलावर जुन्या धोतराचं एक पांढरंशुभ्र पान अंथरलेलं असे. मेलेला भाग त्याच्यावर ठेवायचा. धुवायचा नाही! नव्यानं आलेला एक फिटर एकदा मोठ्या भक्तीनं एक जळकं बेअरिंग रॉकेलमध्ये स्वच्छ धुऊन, पुसून, चमकवून घेऊन आला. काकांनी ते हातात घेतलं, आणि घरी पाहुणे येऊन गेल्याचं दुसऱ्या दिवशी कळावं तसा चेहरा केला. "बेटा," ते म्हणाले, "तुमने तो गवाह को नहला दिया." ओरडले नाहीत. पण त्या फिटरनं पुढे घरी भांडीसुद्धा विचारून घासली असतील.

मग ते वास घेत. ग्रीसचा वास, जळक्या रबराचा वास, पाण्याचा वास. डोळे मिटून, अत्तराच्या दुकानात बसल्यासारखे. वास घेतल्याशिवाय ते एक शब्द बोलत नसत, आणि बोलायला लागले की एकच प्रश्न. "आणि त्याच्या आधी?"

बेअरिंग का अडकलं? ग्रीस वितळलं. आणि त्याच्या आधी? तापलं. आणि त्याच्या आधी? असं मागे मागे जात ते कधी स्टोअरच्या गळक्या पत्र्यापाशी पोचत, कधी खरेदी विभागाच्या एखाद्या घाईच्या सहीपाशी. मात्र वाटेत एका शब्दाला पूर्ण बंदी होती. ‘कोणी.’ कुणी "किसने किया" म्हणालं की काका ओठांवर बोट ठेवत. "नाम नहीं. काम बताओ, क्या हुआ." मला एकदा बसमध्ये त्यांनी समजावलं होतं. "गजा, कोणी म्हटलं की समोरचा माणूस बंद होतो. मग तुला नुसत्या यंत्राशी बोलावं लागतं. आणि यंत्राला काही मराठी येत नाही."

हा प्रश्न ते कारखान्यात ठेवून येत असते तर बरं झालं असतं. पण तो त्यांच्याबरोबर घरी यायचा. एका गणेशोत्सवात मराठी मंडळासाठी काकूंनी केलेलं श्रीखंड आंबट झालं. काकांनी पानावरच तपास सुरू केला. चक्का आंबट का? रात्रभर टांगला. आणि त्याच्या आधी? दही दुपारीच लागलं होतं. आणि त्याच्या आधी? दूध उशिरा आलं. आणि त्याच्या आधी? सहाव्यांदा विचारल्यावर काकूंनी वाढपाची पळी खाली ठेवली आणि अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "त्याच्या आधी मी तुमच्याशी लग्न केलं. सापडलं मूळ? आता गिळा!"

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. स्वतःवरचा विनोद त्यांना फार आवडायचा. दुसऱ्यावरचाही आवडायचा, फक्त त्यानं दुखू नये. मी विनोद केला की ते आधी समोरच्याकडे बघत आणि मग हसत. मला वाटायचं, त्यांना विनोद उशिरा कळतो.

माकडांची गोष्ट तर मी लग्नकार्यात सांगतो. काकांच्या गल्लीत एका घराची पाण्याची मोटर वर्षभरात तीनदा जळली. घरमालक मोटर भरून देणाऱ्या कारागिराच्या नावानं शंख करत होता. कारागीर बिचारा रडकुंडीला आलेला. काका जळकी मोटर धोतराच्या पानावर घेऊन बसले, वास घेतला, आणि गच्चीवर गेले. टाकीतला पाणी बंद करणारा गोळा तुटलेला, म्हणून मोटर थांबत नव्हती. आणि त्याच्या आधी? गोळ्यावर माकडं झोके घेत होती. आणि त्याच्या आधी? टाकीच्या झाकणावर कुणीतरी चण्यांची थाळी ठेवत होतं. त्या शेजारच्या वहिनी, दर मंगळवारी. आणि त्याच्या आधी? मुलगा बारावीला गणितात नापास झाला होता, आणि वहिनींनी नवस बोलला होता.

सगळी गल्ली गच्चीवर जमलेली. आता काका गणिताच्या मास्तरला बोलावणार, अशी माझी खात्री होती. काका म्हणाले, "वहिनी, नवस चांगला आहे. थाळी त्या कोपऱ्यात ठेवत जा." झालं. मोटर पुन्हा जळली नाही. वहिनींना कुणी बोललं नाही. कारागिराला घरमालकानं चहा पाजला. खाली उतरताना मी विचारलं, "काका, गणितापाशी का थांबलात?" तर म्हणाले, "तिथे आपला हात पोचत नाही. जिथं पोचतो तिथं थांबायचं. पण त्याच्या अलीकडे थांबायचं नाही."

हे वाक्य मी लग्नकार्यात सांगत नाही.

आता पंप.

काचेच्या भट्टीला सतत थंड पाणी लागतं. त्यासाठी आमच्याकडे दोन पंप शेजारी शेजारी होते. एक चालायचा, दुसरा उभा, अडीअडचणीला. आता उभ्या पंपाला काय धाड भरणार, असं तुम्हाला वाटेल. पण शेजारचा पंप चालला की जमीन हलते. उभ्या पंपाच्या बेअरिंगमधल्या पोलादी गोळ्या त्याच त्या जागी थरथरत राहतात आणि खालच्या कडीत बारीक खड्डे पाडतात. बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून काकांचा नियम होता, दर सोमवारी उभ्या पंपाचा दांडा हातानं पाव फेरा फिरवायचा. गोळ्यांनी जागा बदलली की झालं. दोन मिनिटांचं काम.

हे काम रामदुलार करायचा. पन्नाशीचा फिटर, पंधरा वर्षं ठेकेदाराकडे. काकांनी फिटर लोकांसाठी दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत एक वर्ग काढला होता. तुटके भाग हातात द्यायचे आणि ‘त्याच्या आधी’ ओळखायला लावायचं. त्यात रामदुलार पहिल्या रांगेत डबा मांडीवर घेऊन बसे. त्याला कायम करायचं पत्र टाइप होऊन तयार होतं. फक्त जनरल मॅनेजर साहेबांची सही बाकी होती. ते पत्र त्यानं टायपिस्टच्या टेबलावर उलट्या बाजूनं वाचलं होतं आणि मला येऊन सांगितलं होतं, "पंडित जी, हमारा नाम एकदम सही लिखा है."

मला कारखान्यात सगळे ‘पंडित जी’ म्हणत. दूधविनायकचा मराठी ब्राह्मण म्हणजे जन्मजात पंडित, असा तिथला सर्वसाधारण समज. खरं सांगायचं तर मला तीन मंत्र येतात. बाकीचं मी आवाजावर नेतो. विश्वकर्मा पूजा दरवर्षी काका करत. कमी बोलून, पाच मिनिटांत. पण त्या वर्षी बहिणीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते नागपूरला गेले होते, आणि पूजा माझ्या गळ्यात पडली. गळ्यात पडली म्हणजे काय, मी पुढे केला होता गळा.

काय पूजा झाली महाराज! काका कुंकू लावत पंपाच्या बैठकीला, खाली, कुणाला दिसणार नाही असं. मला ते पटेना. पंपाला मोटरीशी जोडणारी, दांड्याबरोबर फिरणारी एक मोठी गोल चकती असते, समोरून अगदी मुखासारखी दिसणारी. मी स्वस्तिक तिच्यावर काढलं. झेंडूची माळ घातली. मग लाल मौलीचा धागा, तोही काका नुसता बैठकीला गुंडाळत. मी तो चकतीला तीन वेढे देऊन खाली बैठकीपर्यंत आणला आणि बांधला. साधी गाठ कुणीही मारतो. मी ब्रह्मगाठ मारली, जानव्याला मारतात ती. लहानपणी आजोबांनी हातावर छडी मारून शिकवलेली, मग ती दाखवायची कधी? जमलेल्या साठ-सत्तर माणसांकडे वळून मी हात वर केला आणि पोटातून आवाज काढला.

"सब लोग ध्यान से सुन लें! विश्वकर्मा बाबा इस पंप में विराज गए हैं! अब इनको कोई हिलाएगा नहीं, जब तक बाबा खुद न उठें!"

हशा. टाळ्या. कुणीतरी "हर हर महादेव" ठोकलं. एकटा रामदुलार हसला नाही. त्यानं हात जोडले. मी ते पाहिलं. पाहिलं, आणि टाळ्यांकडे वळलो.

पुढच्या सोमवारी तो माझ्या टेबलाशी आला. मी फोनवर बोलत होतो, बहुधा याच पूजेचं वर्णन कुणाला तरी ऐकवत होतो. "पंडित जी," तो म्हणाला, "आज सोमवार है. बाबा को…" मी फोनवर हात ठेवला. "हां हां, जैसा है रहने दो. निशान लगा दो." त्यानं वहीत ‘फिरवला’च्या रकान्यात खूण केली. मी खाली सही केली. पुढच्या सोमवारी त्यानं विचारलं नाही. वही तेवढी आली. मी सही केली.

सात आठवड्यांनी चालता पंप गळायला लागला म्हणून तो उघडला आणि उभा पंप सुरू केला. सकाळी दहाला. दुपारी चारला त्यानं अशी किंकाळी फोडली की कँटीनमधली माणसं भजी टाकून धावली. बेअरिंग अडकलं होतं. पहिला पंप सुटा होऊन पडलेला. पाणी बंद. भट्टी विझवावी लागली आणि आतली काच आतच गोठली. कुणाला इजा झाली नाही, पण कारखाना नऊ दिवस उभा राहिला. टायपिस्टच्या टेबलावरचं ते पत्र जनरल मॅनेजर साहेबांनी परत मागवून घेतलं, आणि सगळ्यांना कळलं की आता रामदुलारचं काय होणार.

काकांनी बेअरिंग धोतराच्या पानावर ठेवलं. न धुता. वास घेतला. मग कडी भिंगाखाली धरली आणि मला बोलावलं. "बघ, गजा." कडीत खड्डे होते, सारख्या अंतरावर, जेवढ्या गोळ्या तेवढे. पुजाऱ्यानं चंदनाची बोटं उठवावीत तसे नेमके. "एकदाही हलला नाही हा," काका म्हणाले. "वहीत सात खुणा आहेत."

पंप सुरू करणाऱ्या ऑपरेटरला त्यांनी विचारलं, चालू करण्यापूर्वी काय काय केलंस? तो म्हणाला, वॉल्व्ह उघडला, माळ उतरवली, धागा कापला. धागा? तो अख्खा होता? "जी, बिल्कुल साबुत." मग कुठं आहे तो? पूजेचा धागा कचऱ्यात कसा टाकायचा, म्हणून त्यानं आपल्या हत्यारांच्या कपाटात ठेवला होता. काकांनी तो आणवला. पांढऱ्या धोतरावर लाल धागा. गाठ शाबूत होती. काकांनी भिंग लावलं आणि बराच वेळ ते उचललं नाही.

आमच्या कारखान्यात ही गाठ मारता येणारी माणसं दोन. त्यातलं एक त्या दिवशी नागपूरला होतं.

मी खिडकीतून बाहेर बघत होतो. बाहेर एक भिंत आहे. मी तिचं प्लास्टर फार बारकाईनं पाहिलं.

मग रामदुलार आला. काकांनी त्याला खुर्ची दिली, तो बसला नाही. "हां साहब, निशान हम लगाए," तो म्हणाला. "घुमाए नहीं." का? "मनाही थी." कसली मनाई? इथं त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. पंगतीत वाढप्याकडे बघतात तसं, आता हा आपल्याकडे येईलच अशा भरवशानं. मी भिंतीकडेच होतो. तो थांबला, आणि मग म्हणाला, "बाबा विराजे थे न साहब." काकांनी ‘कोणी’ विचारलं नाही. ते कधीच विचारत नसत. त्यांच्या त्या नियमाचा आजवर शेकडो गरीब माणसांना आधार झाला होता. त्या दिवशी तो मला झाला.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर बैठक होती. आदल्या संध्याकाळी बसमधून उतरल्यावर काका घरी वळले नाहीत. "चल, भोसले घाटावर बसू जरा." आम्ही पायऱ्यांवर बसलो. होडीवाले ओरडत होते, आरतीची गडबड सुरू झाली होती. काकांनी खिशातून तो धागा काढला, तळहातावर ठेवला आणि अंगठ्यानं गाठ दाबून पाहिली.

"गाठ सुरेख बसली होती रे," ते म्हणाले. "सात आठवडे सुटली नाही."

एवढंच. मग ते नदीकडे बघत बसले. त्यांनी मला पाच मिनिटं दिली असतील, कदाचित दहा. तोंड उघडायला तेवढी पुष्कळ होती. मी उघडलं. "काका," मी म्हणालो, "काशीतली गाठ आहे, मोक्ष मिळाल्याशिवाय सुटायची नाही!"

ते हसले. थोडं उशिरानं. आणि त्या वेळी मला कळलं की त्यांना विनोद उशिरा कळतो असं कधीच नव्हतं.

उठताना ते म्हणाले, "उद्या साहेब नाव मागतील. रामदुलारचं देऊन चालायचं नाही."

"छे छे काका!" मी म्हणालो. "मुळीच चालायचं नाही!" आणि मला त्या क्षणी हे इतकं मनापासून वाटत होतं की स्वतःचा अभिमानसुद्धा वाटला.

बैठकीत काकांनी अहवाल वाचला. खड्डे, थरथर, न फिरलेला दांडा. साहेब अस्वस्थ. "आठल्ये जी, ये सब ठीक है. मुझे नाम चाहिए." काकांनी पान उलटलं. त्यात लिहिलं होतं की पूजेचा धागा फिरणाऱ्या भागाला बांधायचा नाही, हे त्यांना माहीत होतं. वर्षानुवर्षं ते स्वतः तो बैठकीलाच बांधत आले. का, ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, कुठं लिहून ठेवलं नाही. ते गावाला गेले, आणि ती माहितीही त्यांच्याबरोबर गावाला गेली. "नाम है, सर," काका म्हणाले. "यशवंत आठल्ये. आगे से लिखित सूचना रहेगी. आदमी को सज़ा देकर ये रुकेगा नहीं."

यातला शब्द न् शब्द खरा होता. काका खोटं लिहीत नसत. फक्त एका जागी ते थांबले होते. त्यांचा हात जिथं पोचत होता, त्याच्या एक पायरी अलीकडे. तिथं मी बसलो होतो, त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत. आणि ज्या आवाजाला साठ-सत्तर माणसांनी टाळ्या दिल्या होत्या, तो माझ्या आत कुठेही सापडेना. खरं तर मी शोधलाही नाही. त्या साली माझी बढती कागदावर होती.

रामदुलार कायम झाला. साहेबांना सही करावीच लागली. काका त्याच वर्षी निवृत्त होणार होते आणि दोन वर्षांची मुदतवाढ मागत होते. घरी काही अडलं नव्हतं, त्यांना तो गुरुवारचा वर्ग पुरा करायचा होता. फिटर लोक आता कुठं स्वतः विचारायला लागलेत, असं ते म्हणत. मुदतवाढ मिळाली नाही. ज्यानं स्वतःच लिहून दिलंय की चूक माझी, त्याला कशी मिळणार? काकांच्या खुर्चीवर मी बसलो. पंपघरात भिंतीवर काकांच्या हातची सूचना अजून आहे, कुंकू आणि धागा फक्त बैठकीला. गुरुवारचा वर्ग मी सुरू करणार आहे. सहा वर्षं झाली, मी सुरू करणार आहे.

काका-काकू पुढे नागपूरला गेले, बहिणीजवळ. त्यांचा फोन येतो तेव्हा मी घरात नसतो. म्हणजे घरात असतो, पण बायकोला खुणेनं सांगतो. मिक्सरच्या आदल्या आठवड्यातही मी खूण केली होती, आणि मुलगी तेव्हा माझ्याकडे बघत होती.

म्हणून माझ्यासाठी काकांचं शेवटचं दर्शन म्हणजे त्यांचा निरोप समारंभ. कँटीनच्या हॉलमध्ये समोसे, लौंगलता, भिंतीवर चमकीची अक्षरं. पुढच्या रांगेत काकू जरीच्या साडीत. भाषण अर्थातच माझं. आणि मी ते असं केलं म्हणता! रॉकेलात न्हालेला साक्षीदार सांगितला. श्रीखंड सांगितलं, काकूंच्या पळीसकट. माकडं सांगितली, प्रत्येक माकडाचा आवाज काढून. दर खेपेला "और उसके पहले?" असं मी काकांच्या आवाजात विचारायचो आणि हॉल फुटायचा. साहेबसुद्धा रुमालानं डोळे पुसत होते. काका व्यासपीठावर खुर्चीत बसून हसत होते. झेंडूचा हार त्यांनी काढून मांडीवर घेतला होता, आणि हसता हसता, सवयीनं, दोन बोटांनी फुलं बाजूला सारून आतला दोरा बघत होते.

मी समारोपाचं वाक्य घेतलं. हात जोडले. टाळ्या सुरू झाल्या. तेवढ्यात मागच्या रांगेत, कायम कामगारांच्या नव्याकोऱ्या निळ्या गणवेशात, रामदुलार उभा राहिला. चेहरा नुसता फुललेला. इतके चांगले किस्से चालले असताना पंडित जी आपला सर्वांत भारी किस्सा विसरले, ही एकच हळहळ त्यावर होती. टाळ्यांच्या वर आवाज चढवून, आनंदानं, तो ओरडला,

"पंडित जी, वो पंप वाला भी सुनाइए न! जब आप धागा बांधकर बोले थे, बाबा को कोई हिलाएगा नहीं!"